अर्ध्या पानाचा श्रोता

१

चातुर्मास आला की काहीतरी नेम धरायचा, ही विनयाची माहेरची सवय. मिरजेला असताना कधी मुक्यानं जेवायचं, कधी केळीच्या पानावर जेवायचं, कधी गाईला घास दिल्याशिवाय तोंडात अन्न घालायचं नाही. लग्न होऊन वेलिंग्टनला आल्यावर गाय हायवेला लागल्याशिवाय दिसेना, केळीचं पान मिळायचं ते फ्रीझरमधलं, आणि मुक्यानं जेवायला बसलं तर नवऱ्याला वाटायचं ही रुसली. म्हणून दोन हजार सहाच्या आषाढात, बाहेर हिवाळ्याचा दक्षिणवारा खिडक्या हलवत असताना, तिनं देवापुढे पाणी सोडलं आणि नवाच नेम घेतला. ज्याला वाचता येत नाही, त्याला रोज वाचून दाखवीन.

"मला दाखव," मकरंद म्हणाला. तो हॉस्पिटलात डॉक्टर. "ड्यूटीवरून आलो की मला एक अक्षर वाचवत नाही."

"तुला झोप येते रे. मी खरंच दिसत नाही अशा माणसाबद्दल बोलतेय. वरचे प्रोफेसर."

"कोर्नर? अगं, ते बायबलवाले. तू त्यांना काय पोथी वाचणार?"

"ते देतील ते वाचीन. नेम वाचण्याचा आहे, काय वाचायचं त्याचा नाही."

"स्वीट ॲज," मकरंदनं इथल्या लोकांच्या बोलीत होकार देऊन हात जोडले. "पण वर देवाचा गोंधळ उडणार बघ. पुण्य कोणाच्या नावावर टाकायचं म्हणून."

प्रोफेसर एमिल कोर्नर टेकडीच्या वरच्या अंगाला, नागमोडी पायवाटेच्या टोकाशी, एका जुन्या लाकडी घरात एकटे राहत. वय ऐंशीच्या पुढं. बायको कधीच गेलेली, मुलगी मिरियम मेलबर्नला. डोळ्यांत मधोमध डाग पडला होता. कडेकडेनं माणूस, खुर्ची, ताट दिसे, छापलेलं अक्षर मात्र कायमचं गेलं होतं. सारा जन्म अक्षरांत काढलेल्या माणसाचं अक्षर जावं, याहून मोठी उपासमार विनयाला सुचत नव्हती. ती एका सकाळी डबाभर शिरा घेऊन वर गेली आणि म्हणाली, "मी तुम्हाला वाचून दाखवायला आले आहे. इंग्रजी येतं मला. बी.ए. आहे."

म्हाताऱ्यानं दार धरून बराच वेळ तिच्याकडे तिरकं पाहिलं. "तुम्हाला कोणी पाठवलं? मिरियमनं? की चर्चनं?"

"कोणी नाही. आमच्या कॅलेंडरनं."

ते इतके हसले की त्यांना दारालाच टेकावं लागलं.

२

खिडकीशी त्यांची मोठी खुर्ची. डाव्या हाताला काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट, उजवीकडे दुसरी एक खुर्ची, तिच्यावर पुस्तकांचा ढीग. टेबलावर एक मोठा फोटो, पिवळट चामड्यावर काळ्या हिब्रू अक्षरांचा.

"हे पान आठशे वर्षांचं आहे," प्रोफेसर म्हणाले. "उत्तर फ्रान्समधलं. तेव्हा गंमत अशी होती, की मठातल्या ख्रिस्ती साधूला जुन्या ग्रंथाचा सरळ अर्थ हवा असेल तर तो उठून ज्यूंच्या गल्लीत जायचा आणि त्यांच्या धर्मपंडितांना, रब्बींना, विचारायचा. रस्त्यात एकमेकांकडे बघायची चोरी, पण टेबलावर दोघांची डोकी एकाच पानावर. पुढे त्या गल्ल्या रिकाम्या केल्या. पुस्तकं जप्त झाली. चामडं मजबूत असतं, फेकवत नाही. बाइंडरांनी ते कापून दुसऱ्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यात भरलं. हे पान असंच एका प्रवचनांच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात लपून इथवर आलं, कुणा मिशनऱ्याच्या पेटीतून."

"आणि काय लिहिलंय त्यात?"

"एक साधू विचारतो. अब्राहाम मुलाला घेऊन डोंगरावर गेला, बळी द्यायला. देवानं हात धरला, पोरगं वाचलं. मग ग्रंथ म्हणतो, अब्राहाम परत आला. मुलाचं नावच नाही. गेले दोघं, परतला एक. दुसरा कुठे होता?"

"वाचला ना पण तो?"

"पुढे लग्नही झालं त्याचं."

"मग झालं तर."

"तुम्ही साधू असता तर माझं काम वाचलं असतं," प्रोफेसर हसले. "रब्बी उत्तर देतात, पानभर. पण हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, आणि बाइंडरनं पान उभं कापलं." त्यांनी तळहाताच्या कडेनं हवेत सुरी फिरवली. "प्रत्येक ओळ सुरू होते. एकही संपत नाही. डावा अर्धा गेला."

तो डावा अर्धा काय असेल, याचे अंदाज बांधणं हे त्यांचं शेवटचं काम. फादर डेसमंड नावाचा एक पाद्री मित्र वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्चीत बसून लॅटिन ग्रंथ लावायचा, हे हिब्रू. मागच्या उन्हाळ्यात डेसमंड गेला. तेव्हापासून खुर्चीवर पुस्तकं होती.

"आम्हा ज्यूंच्यात एकट्यानं वाचत नाहीत," ते म्हणाले. "शेजारी कोणीतरी लागतं. चूक काढायला."

"अय्या, आमच्यातही!" विनयाला एकदम माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. "रामायण वाचलं की मारुतीसाठी समोर पाट मांडतात, तो येऊन ऐकतो. आमच्या घरी तर कुठलीही पोथी असो, एक आसन रिकामं ठेवायचोच. कोण येईल सांगता येत नाही."

आणि बोलता बोलता तिनं खुर्चीवरची पुस्तकं उतरवली, पदर नव्हता म्हणून ओढणीनं धूळ झटकली, उशी थोपटून ठेवली, शेजारी पाण्याचं भांडं मांडलं. सवयीनं तोंडून शब्दही आले, मराठीत. "या. बसा. ऐका."

प्रोफेसरांना शब्द कळले नाहीत, भाव कळला. त्यांनी मान लववली. विनयानं त्या पानाच्या इंग्रजी भाषांतराचे टाइप केलेले कागद उचलले आणि वाचायला घेतलं.

३

पहिले काही दिवस तिला काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण वेलिंग्टनमधल्या लाकडी घरात वाटतं तेवढंच. वारा सुटला की भिंती कण्हतात, छपरावरून मांजराएवढं पॉसम धावतं, आणि कुठलं तरी दार कुठल्या तरी चौकटीत कुरकुरत राहतं.

कामाची रीत ठरून गेली होती. विनया ओळीचा उरलेला अर्धा वाचायची, प्रोफेसर आपला अंदाज सांगायचे, ती लिहून घ्यायची आणि सगळी ओळ जोडून पुन्हा वाचायची. 'मुलगा तेव्हा गेला होता', इथं ओळ तुटे. प्रोफेसर म्हणत, "लिहा, 'गुरूच्या घरी, शिकायला.'" ती जोडून वाचायची.

आणि मग तो आवाज यायचा.

खर्र. खर्र. खवणीवर नारळ संपून पातं करवंटीला लागलं की येतो तसा. डावीकडून नाही, वरून नाही. रिकाम्या खुर्चीतून.

"पॉसम," विनया म्हणाली.

प्रोफेसर मान उजवीकडे वळवून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. "चर्मपत्रावर चूक झाली तर खोडत नसत, ठाऊक आहे? सुरीनं खरवडून काढत. अगदी असाच आवाज येत असेल." मग मऊ आवाजात, खुर्चीकडे, "बरं. नाही तर नाही. दुसरं सांगतो."

विनयानं उशीकडे पाहिलं. तिनं थोपटून फुगवलेल्या उशीला मधोमध खळगा पडला होता. मधोमध नव्हे. एका अंगाला. जणू कोणी खुर्चीच्या कडेशी, अर्ध्याच जागेत, अवघडून बसलं होतं.

घरी जाताना ती स्वतःची समजूत घालत होती. जुनी उशी, आतला कापूस एका बाजूला सरकलेला. तिनंच तर थोपटली होती.

४

"डेस आला असं वाटलं होतं मला," एकदा चहा घेताना प्रोफेसर सहज म्हणाले. "पण डेस नाही हा. डेस मला वाक्य पुरं करू द्यायचा नाही. मध्येच पेपरमिंट चघळत ओरडायचा, एमिल, बकवास! हा ऐकतो. शेवटपर्यंत ऐकतो आणि मग नाही म्हणतो."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"विनया, मी जन्मभर ज्यांची पानं वाचली त्यांतलं कोणीही माझं ऐकायला आलं नव्हतं. आता भिऊ?"

ते उत्साहात होते, आणि ते बघून तिला बरंही वाटत होतं. रोज नवे अंदाज. मुलगा आईकडे गेला. मुलगा दुसऱ्या वाटेनं उतरला. मुलगा स्वर्गात बरा होत होता. प्रत्येक वेळी खर्र, खर्र, आणि प्रत्येक वेळी म्हातारा खुलून पुढचा अंदाज सांगायला घ्यायचा.

ती जेवण घेऊन जायची. मऊ खिचडी, वर तूप. एके दिवशी ताट उचलायला गेली आणि थबकली. खिचडीच्या मधोमध रेघ होती. उजवीकडचा भात चाटूनपुसून संपला होता. डावीकडचा जसाच्या तसा, कडा अशी सरळ, जशी वडी पाडताना सुरीनं येते.

"आवडली नाही का?"

"छान होती. सगळी संपवली," प्रोफेसर म्हणाले.

तिनं वर पाहिलं. त्यांनी दाढी केली होती. अर्धी.

५

मकरंद त्याच दुपारी वर आला. "किया ओरा, प्रोफेसर. एक घड्याळ काढून दाखवा बरं मला." त्यांनी जाड पेननं, अंदाजानं, गोल काढला आणि बारापासून सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. डावा अर्धा कोरा. अभिमानानं कागद पुढे केला.

मकरंदनं त्यांना तिथूनच हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. मेंदूत लहानशी गुठळी. चार दिवसांत औषधं देऊन घरी सोडलं.

"हातापायात जोर आहे," मकरंदनं विनयाला समजावलं. "नजरेचाही हा दोष नाही. मेंदूला डावी बाजू म्हणून काही असतं हेच ठाऊक नाही त्यांच्या. आपण विसरतो तेव्हा विसरलोय हे कळतं. यांना तेही नाही. त्यांच्या लेखी जग तिथंच संपतं."

"बरं होईल?"

"पुष्कळांचं होतं, हळूहळू. रोज डावीकडे बघायला लावायचं. पण वाढलं तर मिरियम त्यांना मेलबर्नला नर्सिंग होममध्ये ठेवणार. फोन आला होता तिचा. रडत होती."

विनयाला शास्त्र पटलं. पटून घेतलं. पण शास्त्रात एक गोष्ट बसेना. ती रोज ताटातली रेघ बघत होती. प्रोफेसर हॉस्पिटलातून आले, पुन्हा वाचायला बसले, पुन्हा अंदाज, पुन्हा खर्र. आणि रेघ मधोमध राहिली नव्हती. ती उजवीकडे सरकत होती. आधी अर्धं ताट उरायचं. मग त्याहून जास्त. आता उजव्या कडेचा एक घास तेवढा ते खायचे आणि तृप्त होऊन म्हणायचे, "सगळं संपवलं."

शर्टाच्या आत हाडं दिसू लागली होती.

६

तेव्हा तिला आठवलं, आणि आठवल्याबरोबर हातातलं लाटणं खाली ठेवावं लागलं.

खंडित पोथीचं पारायण करत नाहीत. फाटकी, पानं गळलेली पोथी वाहत्या पाण्यात सोडतात. तिच्यापुढे आसन मांडत नाहीत. कारण ऐकायला बसलेला समाप्तीशिवाय उठू शकत नाही, आणि जिला शेवटच नाही तिची समाप्ती कशी करणार? पाहुण्याला बोलावलं होतं तिनंच. या, बसा, ऐका. आणि ऐकवत होती अर्ध्या ओळी.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रोफेसर न्हाणीघरात असताना उशी काढली, पाण्याचं भांडं उचललं आणि खुर्चीवर पुन्हा पुस्तकांचा ढीग रचला. मनात म्हणाली, रागावू नका, चूक माझी.

त्यानंतरच्या सकाळी ती आली तर पुस्तकं जमिनीवर होती. पडलेली नव्हती. एकावर एक, कडेला कडा लावून, पुस्तकांवर माया असलेल्या माणसानं ठेवावीत तशी. खुर्ची रिकामी.

"साफसफाईवाली आली होती का?"

"ती आजारी आहे म्हणे. का?"

प्रोफेसरांना एक पुस्तक उचलताना धाप लागायची.

न येण्याचा विचार तिनं केला. पण घेतला वसा टाकायचा कसा? आणि न आली तरी तिकडे म्हातारा एकटा, त्या खुर्चीशेजारी, तोंडानं अंदाज बांधत बसणारच. तिनं उशी पुन्हा ठेवली. राग मात्र आतून काही येईना. जो बसला होता त्यानं काय मागितलं होतं? आपलं वाक्य. आठशे वर्षं दुसऱ्याच्या पुठ्ठ्यात अंधारात काढली, बोलावल्यावर आला, अवघडून बसला, आणि दोन जाणती माणसं त्याच्या तोंडी नको ते शब्द घालत होती. खरवडेल नाहीतर काय करेल बिचारा.

तिनं संध्याकाळी देवापुढे निरांजन लावलं तेव्हा प्रार्थनेत प्रोफेसरांचं नाव घेतलं. आणि ज्याचं नाव माहीत नव्हतं, त्याचंही.

७

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. बाहेरच्या कोवाई झाडाला पिवळे घोस लागले होते आणि त्यात एक टुई पक्षी घशातल्या घशात घंटा वाजवत होता. असल्या दिवशी भ्यायचं म्हणजे सुद्धा लाज वाटावी.

"प्रोफेसर, वाचायच्या आधी एक विचारू? तुमच्या त्या जुन्या रब्बींना एखादी जागा लागलीच नाही, तर काय करायचे ते?"

"पुष्कळ वाटा असतात. समांतर वचनं बघायची, परंपरा—"

"ते सगळं करून. तरीही नाहीच लागलं तर?"

प्रोफेसरांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर फिरत राहिला.

"त्यांच्यातले सगळ्यात मोठे जे होते," ते सावकाश म्हणाले, "ते लिहून टाकत. 'मला माहीत नाही.' एवढंच. चारचौघांत, शाईनं. काही न लिहिता पुढे जाता आलं असतं, कोणाला कळलंही नसतं. तरी लिहीत."

"मग आपणही लिहू या."

"नाही."

"प्रोफेसर—"

"नाही! मी आयुष्य घातलंय त्यात. डेस गेला, डोळे गेले, आता एक हेच उरलंय. 'माहीत नाही' म्हणायला माणूस कशाला हवा? ते तर दगडालाही जमतं." त्यांचा आवाज चिरकला. "आज माझ्याकडे चांगला अंदाज आहे. लिहा. मुलगा वडिलांच्या मागेच होता, फक्त—"

खर्र.

वाक्य पुरं व्हायच्या आतच. आणि प्रोफेसर उजवीकडचा कप घ्यायला गेले, पण हात त्याच्या अलीकडेच थांबला. कप त्यांच्या जगात राहिला नव्हता.

विनया उठली. गुडघ्यांवर बसून तिनं त्यांचा तो हात धरला. काकांचा धरावा तसा.

"मी अडाणी नाही, पण तुमच्याएवढी शिकलेलीही नाही," ती म्हणाली. "मला एवढंच दिसतं, की तुम्ही रोज थोडे थोडे कापले जाताय. तो पाहुणा वाईट नाही हो. तुम्ही थांबल्याशिवाय त्याला उठता येत नाही. मी बोलावलं त्याला, निरोप तुम्हीच द्यायला हवा. मिरियम रडत होती म्हणे फोनवर."

टुईचा आवाज बंद झाला होता. खोलीत इतकी शांतता होती की कपाटाच्या काचा ऐकतायत असं वाटावं.

"साधूनं विचारलं," प्रोफेसर अखेर म्हणाले. आवाज शिकवणाऱ्याचा राहिला नव्हता, वर्गात उभं केलेल्या पोराचा झाला होता. "गेले दोघं, परतला एक. दुसरा कुठे होता. रब्बींनी उत्तर दिलं होतं. ते पूर्ण होतं, चांगलं होतं, आणि ते आमच्याकडून कापलं गेलं." त्यांनी श्वास घेतला. "ते काय होतं... मला माहीत नाही."

विनयानं शेवटच्या ओळीखाली ते लिहिलं. लिहिलेलं वाचलं. मग दोघंही वाट बघत राहिली.

खरवडल्याचा आवाज आला नाही.

उशीतला खळगा भरून येऊ लागला, फुगलेल्या पिठात रुतवलेलं बोट काढून घ्यावं तसा. विनयानं खुर्चीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि नजर फिरवली. ती नेमकी समोरच्या कपाटाच्या काचेवर गेली.

काचेत एक म्हातारा उठून उभा राहत होता. एक खांदा, एक कान, एका पांढऱ्या भुवईखाली एक डोळा. त्या डोळ्यात राग नव्हता. नापास होत आलेल्या मुलानं शेवटी बरोबर उत्तर द्यावं आणि मास्तरांनी चष्म्यावरून बघावं, तसलं काहीतरी होतं. नाकापाशी तो संपत होता. जखम नाही, रक्त नाही. पट्टी ठेवून कापल्यासारखी सरळ कड, आणि तिच्या पलीकडे कपाटातली पुस्तकं.

विनयानं डोळे मिटले.

पावलं ऐकू आली. ती दाराकडे जातील म्हणून तिनं मनातल्या मनात हात जोडले, या हो, सुखानं जा. पण दार वाजलं नाही. पावलं प्रोफेसरांच्या खुर्चीमागून फिरली आणि त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन थांबली.

८

काही सुचेना तेव्हा बायका जेवण वाढतात. विनयानं डबा उघडला. भात, बटाट्याची भाजी, आमटी. ताट प्रोफेसरांच्या मांडीवरच्या फळीवर ठेवलं आणि समोर बसली. त्यांच्या डावीकडे कपाट होतं. कपाटापुढे काय होतं, तिकडे तिनं पाहिलं नाही.

प्रोफेसर दमले होते, पण चेहरा हलका झाला होता. उजव्या कडेची बटाट्याची फोड त्यांनी खाल्ली. चमचा रोजच्या रेघेशी आला आणि थांबला.

विनयाला वाटलं, म्हणजे व्यर्थच गेलं सगळं.

मग चमचा हलला. रेघ ओलांडून पुढे गेला. भाताचा एक घास, मग आणखी एक, पार ताटाच्या मध्यापर्यंत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि इतके दिवस मांडीवर कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा पडून राहिलेला त्यांचा डावा हात आपण होऊन वर आला आणि त्यानं ताटाची कड धरली.

"प्रोफेसर! हात! तुमचा हात बघा!"

ते हाताकडे बघत होते. मग हाताच्याही पलीकडे. त्यांची मान सावकाश डावीकडे वळत गेली, गंजलेली बिजागरी वळावी तशी, आणि शेवटी थांबली.  मग चमचा खाली ठेवून, मोठ्या माणसाला बघून लहानानं सावरून बसावं तसे बसले.

"माफ करा," ते डावीकडे बघून अत्यंत अदबीनं म्हणाले. "मी इकडे बघतच नव्हतो. आत्ता मात्र दोन्ही डोळे दिसताहेत तुमचे."

त्यांनी दोन्ही हातांनी ताट धरलं. डाव्या बाजूला अजून चमचाही लागला नव्हता; ती पुढे करून त्यांनी ताट फळीच्या डाव्या टोकापर्यंत सरकवलं.

"हा वाटा तुमचाच राहिलाय. घ्या."

विनया मान खाली घालून सतरंजीची नक्षी बघत बसली. प्रोफेसरांचे दोन्ही हात आता फळीवर मोकळे होते, बोटं उघडी, तिला कडेनं दिसत होती. चमचा तरी चिनीमातीवर किणकिणला. एकदा. थांबून, पुन्हा एकदा.

तिच्या अंगावर काटा आला होता, आणि त्या काट्याखाली, वेड्यासारखी, एकच काळजी. आमटीत आज मिरची जास्त पडली होती.

"तिखट लागलं," ती वर न बघता म्हणाली, "तर दही आहे. आणू?"

चमचा थांबला.

"आणा," प्रोफेसर म्हणाले. "हो म्हणताहेत."